निखळणारा खांदा, २० टक्के आणि ‘नाना’चा शेरा

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त जवानाचा आहे, हुद्दा नायक. पायदळात २२ वर्षं नोकरी करून ते ३१ जुलै २०२१ ला घरी आले. २०१० मध्ये युनिटच्या ऑब्स्टॅकल कोर्सवर, म्हणजे अडथळे पार करण्याच्या सरावात, भिंतीवरून उडी घेताना त्यांचा उजवा खांदा निखळला. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, तो बसवला, हात गळ्यात बांधला, काही दिवस पीटी माफ झाली. पुढे खांदा सहा-सात वेळा निखळला. २०१४ मध्ये वार्षिक रजेवर असताना घरी विहिरीचं पाणी शेंदताना पुन्हा निखळला आणि या वेळी लष्करी रुग्णालयात भरती व्हावं लागलं. २०१५ मध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ते लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसलेल्यांच्या वर्गात, राहिले. निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डानं, अपंगत्व २० टक्के, आयुष्यभरासाठी, असं लिहिलं. पण कारणाच्या रकान्यात ‘नाना’ आलं आणि अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला गेला. त्यांनी मला लिहिलंय: “मॅडम, टक्के कमी लागले म्हणून नाकारलं का? माझ्याबरोबरच्या एकाला ५० मिळतात. इंटरनेटवरच्या तक्त्यात माझ्या खांद्याला ३० बसतात. टक्के वाढवून घ्यायला काय करू?”

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना अशा बोर्डांवर बरीच वर्षं बसले आणि निवृत्तीनंतर माजी सैनिकांचे कागद वाचून देते. म्हणून आधीच सांगते, तुमचे टक्के पुरेसे आहेत, त्यांच्यामागे लागू नका. दावा अडलाय तो ‘नाना’ या चार अक्षरी इंग्रजी शेऱ्यावर. त्याचा अर्थ असा की अपंगत्व सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. हा शेरा असेल तर २० काय, ८० टक्के लिहिले तरी रुपया मिळत नाही.

पहिल्यांदा तो तक्ता बाजूला ठेवा. तुम्ही पाठवलेला फोटो मी पाहिला. हात खांद्याच्या पातळीपर्यंतच उचलता आला तर २०, त्याच्या निम्म्यापर्यंत आला तर ज्या हातानं माणूस कामं करतो त्याला ३० आणि दुसऱ्याला २०, अंगापासून २५ अंशांवरच अडला तर ४० आणि ३०. तक्ता खरा आहे, पण तो अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा आहे. तिथे खांद्याच्या हालचालीला, निखळण्याला, कृत्रिम सांध्याला असे वेगवेगळे क्रमांक दिलेत आणि क्रमांकानुसार टक्के ठरतात. टक्के सारखे असले की शिपायाला आणि अधिकाऱ्याला भरपाईही सारखीच मिळते. आपल्याकडे लष्करी डॉक्टरांसाठी वेगळी मार्गदर्शिका आहे आणि रक्कम शेवटच्या पगारावर ठरते. गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हा अमेरिकन तक्ता फिरतो आणि लोक तोच घेऊन अपिलात उतरतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात त्यांची वर्षं जातात.

दुसरा गोंधळ जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्याचा. सिव्हिल सर्जनकडून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं असतं. सरकारी नोकरीतलं आरक्षण वगैरे सवलतींसाठी त्यात किमान ४० टक्के लागतात. ते प्रमाणपत्र जरूर काढा, पण त्यावरचा आकडा लष्करी पेन्शनला लागू होत नाही.

आता मित्राचे ५०. बहुतेक त्यांच्या बोर्डानंही २०, ३० असंच काहीतरी लिहिलं असणार. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रात टक्के गोल करायची पद्धत आली, तिलाच आपण ब्रॉड बँडिंग म्हणतो. ५० च्या खाली असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ च्या पुढे १००. आधी हा लाभ फक्त सेवेतून वैद्यकीय कारणानं काढलेल्यांना होता. रामअवतार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १० डिसेंबर २०१४ ला निकाल दिला की मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो द्यायला हवा. म्हणजे ‘नाना’ निघालं तर तुमचे २० हे ५० धरले जायला हवेत.

पैशांत हे काय होतं ते पाहा. १०० टक्क्यांना शेवटच्या वेतनाचे ३० टक्के मिळतात. मूळ वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून तुमचा आकडा ४५,००० होता असं समजू. १०० टक्क्यांचे होतात १३,५००. त्याचे २० टक्के म्हणजे २,७००, आणि ५० टक्के म्हणजे ६,७५०. हे नेहमीच्या पेन्शनशिवाय, आणि यावर महागाई मदत वेगळी. घरात पोरं शिकत असतील तर ही रक्कम लहान नाही.

आणि २० ही रेघ फार कडक आहे. बोर्डात ११ ते १४, १५ ते १९ असे टप्पे लिहिले जातात. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला १९ लागले तर काहीच मिळत नाही. विंग कमांडर राठोड यांच्या प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं की २० च्या खाली असेल तर गोल करायचाही प्रश्न येत नाही. उलट ज्याला अपंगत्वामुळे मुदतीआधीच घरी पाठवलं, त्याचं अपंगत्व २० पेक्षा जास्तच मानायचं, असं त्याच न्यायालयानं २०१४ मध्ये सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात म्हटलं. तुम्ही पहिल्या गटात आहात आणि तुमचा आकडा रेघेवर बरोबर बसलाय. म्हणूनच सांगते, टक्क्यांना हात लावू नका. टक्क्यांवर आक्षेप घेऊन नवं बोर्ड मागितलं आणि तिथल्या डॉक्टरांना खांदा चांगला वाटून १५ ते १९ लिहिले गेले, तर हातात असलेलंही जाईल.

आता मूळ मुद्दा. तुमच्या बोर्डाच्या फॉर्मची प्रत मी दोनदा वाचली. अपंगत्व कधी आणि कुठे सुरू झालं, या रकान्यात लिहिलंय: २०१४, रजेवर, घरी. चूक इथे झाली. बोर्डासमोर जी फाइल होती तिच्यात पहिला ठळक कागद २०१४ च्या भरतीचा होता. २०१० चा इंजुरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय २००६, कुणी भरलाच नाही. खांदा जागेवर बसला, तुम्ही परत पीटीला उभे राहिलात, सगळ्यांना वाटलं झालं. असं शेकडो वेळा होतं. हात मोडला की रिपोर्ट भरतात, कारण प्लास्टर दिसतं. निखळलेला खांदा बसवला की दिसायला काहीच उरत नाही.

पण वैद्यकीयदृष्ट्या मूळ नुकसान त्या पहिल्या दिवशीच होतं. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याला टेकायला मिळणारी खोबण उथळ. त्या खोबणीच्या कडेला कूर्चेची एक गोल कड असते, ती गोळ्याला आत धरून ठेवते. जोरानं खांदा पुढे निखळला की ही कड खालच्या-पुढच्या बाजूनं उचकटते. तिला आम्ही बँकार्ट लीजन म्हणतो. त्याच वेळी गोळ्याचा मागचा भाग खोबणीच्या कडेवर आपटून त्याला खळगा पडतो, तो हिल-सॅक्स. उचकटलेली कड बऱ्याचदा जागच्या जागी भरून येत नाही. पहिल्यांदा निखळताना वय जितकं कमी, तितका तो पुन्हा निखळण्याचा धोका जास्त. मग दोराच्या एका ओढीला, झोपेत हात डोक्यामागे गेला तरी, कधी अंगरखा काढतानाही खांदा बाहेर येतो. तुमच्या २०१५ च्या एमआरआयमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. पाणी शेंदून निरोगी खांदा निखळत नाही, चार वर्षं आधी फाटलेला खांदा निखळतो. विहिरीवर जे झालं तो परिणाम होता. अपिलात हे एक वाक्य डॉक्टरच्या सहीनिशी गेलं पाहिजे.

यात कागदोपत्री आणखी एक फसगत आहे. ‘रिकरंट डिसलोकेशन’ हे नाव फॉर्मवर आजारासारखं वाचलं जातं. दुखापत असेल तर ती ड्यूटीवर झाली का, हे ठरवताना कमांडिंग ऑफिसर आणि वरच्या फॉर्मेशनचं मत पाहतात, आजार असेल तर बोर्डाचं वैद्यकीय मत. तुमची दुखापत नावामुळे आजाराच्या बाजूला गेली आणि कमांडिंग ऑफिसरला कुणी विचारलंच नाही. ऑब्स्टॅकल कोर्स हे हुकमानं केलेलं प्रशिक्षण आहे. तिथली दुखापत ड्यूटीवरची, याबद्दल खरं तर वाद व्हायला नको. (रजेवर घरी झालेल्या अपघाताचं तसं नसतं. पण रजेला जाताना किंवा परतताना प्रवासात काही झालं असेल तर गोष्ट वेगळी. मदन सिंग शेखावत यांनी किरकोळ रजेवर घरी जाताना रेल्वे अपघातात हात गमावला होता, तेव्हा १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो प्रवास ड्यूटी मानला. हे वाचणाऱ्यांत असं कुणी असेल तर लक्षात ठेवा.)

मग २०१० सिद्ध कसं करायचं? सगळ्यात आधी रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करून स्वतःचे सगळे वैद्यकीय कागद मागा. भरतीच्या वेळची तपासणी, प्रत्येक कॅटेगरी बोर्ड, रुग्णालयाचे भरतीचे आणि डिस्चार्जचे कागद, एमआय रूमच्या नोंदी. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून मागा. रुग्णालयात भरती झाली की तिची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंदपत्रात, होते, तेही तपासा. २०१० ते २०१४ मधल्या एखाद्या निखळण्याच्या वेळी एका रात्रीसाठी जरी भरती झाली असाल, तरी ‘सुरुवात २०१४, घरी’ हे खोटं ठरतं.

आणि एक कागद असा आहे ज्याच्याकडे वकीलसुद्धा सहसा बघत नाहीत. तो म्हणजे २०१५ च्या ऑपरेशनची केस शीट. तिच्या पहिल्या पानावर सर्जन रुग्णाची हकिगत लिहितो: पहिल्यांदा कधी निखळला, कसा, त्यानंतर किती वेळा. खांद्याचं ऑपरेशन करणारा सर्जन हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही, कारण कुठलं ऑपरेशन करायचं ते ठरवताना किती वेळा निखळला हेही पाहतात. तेव्हा पेन्शनचा विचार कुणाच्या डोक्यात नसतो, म्हणून त्या चार ओळींना वजन असतं. मी पाहिलेल्या दोन प्रकरणांत त्या ओळींवरच निकाल फिरला. तुमच्या शीटमध्ये ‘२०१०, ऑब्स्टॅकल कोर्स’ असे शब्द असतील तर निम्मं काम झालं.

त्याशिवाय त्या दिवशी भिंतीजवळ उभे असलेले दोघे-तिघे शोधा. तुमच्या सेक्शनचे, पीटी उस्ताद, एमआय रूमचा नर्सिंग असिस्टंट. त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र घ्या, पण प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. एकाच मजकुराची तीन प्रतिज्ञापत्रं दिसली की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

समजा, इतकं करूनही २०१० चं काहीच सापडलं नाही. तरी दुसरं दार आहे, ते म्हणजे सेवेमुळे वाढलेलं अपंगत्व. पेन्शनसाठी ‘सेवेमुळे झालेलं’ आणि ‘सेवेमुळे वाढलेलं’ यांत फरक नाही, दोन्हींत तेवढीच रक्कम मिळते. खांदा एकदा निखळल्यावर तुम्ही पुढची चार वर्षं पाठीवर वजन घेऊन डोंगर चढलात, दोर चढलात, पेट्या उचलल्या. तुम्हीच लिहिलंय की त्यातली दोन वर्षं फील्डमध्ये होती. अस्थिर खांद्याला यापेक्षा वाईट काम नाही. अपिलात दोन्ही मुद्दे घाला: मुख्य म्हणणं सेवेमुळे झालं हे, आणि ते मान्य नसेल तर निदान सेवेमुळे वाढलं हे. लोक पहिलंच लिहितात आणि तिथेच थांबतात.

कायद्याची एक भक्कम बाजू तुमच्याकडे आहे. धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भरतीच्या वेळी ज्या व्याधीची नोंद नाही आणि जी नंतर उद्भवली, तिच्याबाबत सैनिकाच्या बाजूनं गृहीत धरायचं. सिद्ध करायचा भार सैनिकावर नाही, आणि बोर्डाला वेगळं मत द्यायचं असेल तर कारणं लिहावी लागतील. तो निकाल अपंगत्व पेन्शनच्या १९८२ च्या नियमांवरचा आणि आजाराचा होता. तुम्हाला २००८ चे नियम लागू आहेत, तरी बोर्डानं कारण लिहायला हवं हा मुद्दा तितकाच लागू पडतो. तुमच्या फॉर्मवर कारणाच्या जागी काय आहे? “रजेवर सुरुवात.” एवढंच. (२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू होतात. मुदत पूर्ण करून जाणाऱ्यांच्या या रकमेला आता इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात. त्यांनी माझं हे उत्तर तसंच्या तसं स्वतःला लावू नये.)

वाट अशी आहे. पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. ते नाकारलं तर दुसरं अपील, आणि तेही नाकारलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं मुंबईला खंडपीठ आहे. तुमचा दावा फेटाळल्याचं पत्र येऊन सहा महिने केव्हाच उलटलेत, म्हणून उशिराचं कारण वेगळ्या अर्जात लिहा. घाबरू नका. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, त्यामुळे उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही. मात्र तर्सेम सिंग यांच्या २००८ च्या निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे आता तुम्ही जो प्रत्येक महिना थांबाल तो मागून कापला जाईल. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मागा, ते त्यांचं कामच आहे.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, ते मला सोडवत नाही: “बोर्डात मी फार काही बोललो नाही, डॉक्टरसाहेबांनी विचारलं तर ठीक आहे म्हणालो.” एका बोर्डावर मी बसले असताना तुमच्यासारखाच एक जवान आला होता. खांदा तसाच, निखळणारा. मी म्हटलं, हात वर करा. त्यानं दात आवळून हात कानापर्यंत नेला. वीस वर्षं अंगात मुरलेली सवय होती. अधिकाऱ्यासमोर उभं राहिलं की फिट दिसायचं. मी कोनमापक लावला, १६० अंश आले, मी १६० लिहिले. तो वळून शर्ट घालायला लागला तेव्हा दिसलं की उजवी बाही तो डाव्या हातानं ओढून चढवतोय. तेव्हा मी त्याला परत बोलावलं नाही. रांग मोठी होती. ही गोष्ट मला अजून टोचते.

त्यानंतर मी पद्धत बदलली, आणि ज्यांचं बोर्ड अजून व्हायचंय त्यांना म्हणून सांगते. हात जिथे दुखायला लागतो तिथे थांबा आणि “इथून दुखतं” असं तोंडानं म्हणा. हात ९० अंशांवर बाजूला धरून डॉक्टर मागे फिरवू लागले आणि खांदा निसटेल अशी भीती वाटली तर ती लपवू नका. ती भीती हीच त्या चाचणीची खूण आहे, तिला आम्ही अ‍ॅप्रिहेन्शन म्हणतो आणि तशी नोंद करतो. हात पाठीमागे नेऊन अंगठा कण्याच्या कुठल्या मणक्यापर्यंत पोचतो ते दोन्ही हातांनी दाखवा. महिन्यातून किती वेळा निसटल्यासारखं होतं, रात्री कुठल्या कुशीवर झोपता येत नाही, हे आकड्यांत सांगा. पण जे होत नाही ते सांगू नका. मी हात धरून हलवला की खरा अडथळा आणि मुद्दाम ताठ केलेला स्नायू हाताला वेगळे लागतात. वापर नसलेल्या खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू बारीक होतो, टेपनं मोजला की कळतं. एकदा का सोंग वाटलं की डॉक्टर खऱ्या तक्रारीही संशयानं लिहितो.

आणखी एक. ऑपरेशन नको म्हणून सही केली असेल, तर नकार वाजवी होता का हे बोर्ड लिहितं, आणि वाजवी नव्हता असं ठरलं तर टक्के कमी होऊ शकतात. तुम्ही ऑपरेशन करून घेतलंय, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही अडचण नाही.

शेवटी खांद्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की अपील होईपर्यंत व्यायाम बंद ठेवलाय, खांदा सुधारला तर टक्के जातील म्हणून. कृपा करून आजपासून सुरू करा. आयुष्यभरासाठी लिहिलेले टक्के, तुम्ही स्वतःहून फेरतपासणी मागितली नाही तर, कुणी पुन्हा मोजायला येत नाही. २००१ च्या त्याच पत्रात हे आहे. उलट आता स्नायू बारीक होऊ दिले तर झीज वाढेल आणि पन्नाशीत सांधा दुखायला लागेल. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन फिजिओथेरपीला पाठवायला सांगा. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून, कोपर अंगाला चिकटवून, हात बाहेर-आत ओढायचा, दुखणार नाही एवढ्याच ताकदीनं, रोज. पोतं डोक्यावर फेकायचं काम मुलाला द्या. आणि केस शीट हाती आली की पहिल्या पानाचा फोटो मला पाठवा, डॉक्टरचं मत मी लिहून देते.